मला इस्त्री म्हणू नका

मित्रांनो, या दवाखान्यात झाडलोट करणाऱ्या मावशी मला 'इस्त्री' म्हणतात. "इस्त्री जरा बाजूला घेते हं," असं स्वतःशीच म्हणत त्या मला भिंतीकडे ढकलतात आणि फरशी पुसतात. मला त्यांचा राग येत नाही, कारण रोज माझ्यावरची धूळ पुसतात त्याही त्याच. पण तुम्हाला म्हणून सांगतो, मी इस्त्री नाही. मी चार चाकांवरचं, माणसांच्या गालांना आतून ऊब देणारं एक जुनं यंत्र आहे. इस्त्री कापडाच्या वरून फिरते. माझं सगळं काम खालच्या मजल्यावर चालतं.

खालच्या मजल्यावर काय असतं, ते ऐका. आपल्या कातडीच्या आत बारीक धाग्यांचं एक जाळं असतं. त्या धाग्यांना कोलॅजन म्हणतात. तुमचा गाल चिमटीत धरून सोडला की तो लगेच जागेवर जातो ना, त्यात या धाग्यांचा मोठा हात असतो. वय वाढलं, वर्षानुवर्षं ऊन लागलं की हे धागे सैल पडतात, काही तुटतात. मी तिथे बेताची ऊब पोचवतो. त्यात कापणं नाही की टाके नाहीत. ऊब लागली की शरीराला वाटतं, इथे डागडुजी करायला हवी, आणि ते नवे धागे विणायला बसतं. म्हणजे विणणारं शरीरच, मी नुसता दार ठोठावणारा. हे विणकाम फार सावकाश चालतं. तीन-तीन महिने काही दिसत नाही, आणि तेवढा धीर फार थोड्या लोकांना असतो.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. तिथे सगळे डोक्याला टोप्या आणि बुटांना पिशव्या बांधून वावरत. एका चष्मेवाल्या बाईंनी माझ्या तारा जोडल्या. एकेक तार जोडली की त्या ती हळूच ओढून बघायच्या. शेवटी त्यांनी माझं टोक स्वतःच्या मनगटावर टेकवलं, क्षणभर थांबल्या आणि "बरं आहे" एवढंच म्हणाल्या. इतकं मोलाचं कौतुक मला नंतर कुणी केलं नाही.

दवाखान्यात आलो तेव्हा माझा थाट काय वर्णावा! डॉक्टरबाई मला स्वतः पुसायच्या. लोक आठ-आठ दिवस आधी वेळ ठरवून यायचे. मग एक नवं, सडपातळ, चकचकीत पडद्याचं यंत्र आलं आणि माझी रवानगी कोपऱ्यात झाली. दोन वर्षं माझ्या डोक्यावर धुतलेल्या टॉवेलांची चळत होती. खोटं कशाला सांगू, मी फार हिरमुसलो होतो. पण त्या नव्या पाहुण्याचे नखरे भारी. तो सारखा दुरुस्तीला जाऊ लागला, आणि एक दिवस डॉक्टरबाईंनी टॉवेल उचलून मला पुन्हा खुर्चीजवळ आणलं. माझं एक चाक तेव्हापासून कुरकुरतं, ते आनंदानेच, असं मी समजतो.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी ताई आल्या. साठीला टेकलेल्या, उन्हाने रापलेल्या, नखांत माती. त्यांची रोपवाटिका होती आणि तीस वर्षं त्या उघड्या डोक्याने वाफ्यांमधून हिंडल्या होत्या. त्यांना एक जुळी बहीण होती, अकरा मिनिटांनी धाकटी. म्हणून ही ताई आणि ती छोटी. छोटीचा सगळा जन्म ग्रंथालयात, सावलीत गेला होता. दोघी दर वाढदिवसाला एकाच दुकानात शेजारी उभ्या राहून फोटो काढायच्या. लहानपणी आईसुद्धा त्या फोटोत चुकायची. गेल्या वर्षी दुकानात नवा फोटोग्राफर होता. त्याने कॅमेऱ्यातून बघत ताईंना सांगितलं, "आई, तुम्ही जरा डावीकडे सरका. मुलीला पुढे येऊ द्या."

दुकानात दोघी हसल्या म्हणे. पण घरी गेल्यावर ताईंना जेवण गेलं नाही.

डॉक्टरबाईंनी पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगितलं, की कातडी थोडी घट्ट होईल, रेषा जरा मऊ होतील, पण मी तुम्हाला वीस वर्षांची करून देणार नाही. आणि उन्हात टोपी घातली नाहीत तर माझ्याकडे येऊच नका.

"मला वीस वर्षांची नाही व्हायचं," ताई म्हणाल्या. "माझ्या बहिणीएवढी दिसले तरी पुरे."

मग काम सुरू झालं. आमच्याकडे एक पद्धत आहे. ऊब कितपत लागते, ते एक ते दहा आकड्यांत सांगायचं. एक म्हणजे काहीच नाही, दहा म्हणजे सहन होत नाही. सहा झालं की डॉक्टरबाई ऊब कमी करतात. त्यांनी विचारलं, "किती?" ताई म्हणाल्या, "तीन." त्यांनी ऊब वाढवली. ताई म्हणाल्या, "तीन." आणखी वाढवली, तरी तीनच. इकडे त्यांच्या पायांची बोटं आवळली होती आणि खुर्चीचा हात त्यांनी घट्ट धरला होता. तो गाल काही तीन म्हणत नव्हता, हे माझ्या टोकाला कळत होतं. ठरल्यापेक्षा जास्त तापलं तर मी आपोआप बंद होतो, म्हणून भाजलं मात्र नाही. पण मला बोलता कुठे येतं? डॉक्टरबाईंनी उबेचा तो वाढवलेला आकडा ताईंच्या कागदावर लिहून ठेवला, आणि दुसऱ्या बैठकीलाही तसंच झालं.

तिसऱ्या बैठकीला ताई आल्या ठरल्या वेळी. मातीचे बूट, तोच निळा कोट, गळ्याला रुमाल. डॉक्टरबाई बघतच राहिल्या. काय फरक पडलाय, म्हणाल्या. त्यांनी घाईघाईने फोटो काढला आणि माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाल्या, की म्हाताऱ्याने कमाल केली. मित्रांनो, मी फुगलो. दोन महिन्यांत इतकं विणकाम होत नसतं हे मला ठाऊक होतं, तरीही फुगलो.

पण माझं टोक गालावर टेकलं आणि मी दचकलो. प्रत्येकाची कातडी माझा विजेचा प्रवाह आपापल्या रीतीने आत घेते. पहिल्या स्पर्शात मी ते मोजतो आणि मागच्या वेळेशी ताडून बघतो. ही मोजणी ताईंची नव्हती. मी शिटी वाजवली. डॉक्टरबाईंनी मला गप्प केलं. मी पुन्हा वाजवली. "म्हातारपण आलंय याला," असं पुटपुटत त्यांनी कागदावरचा आकडा लावला आणि विचारलं, "किती?"

"नऊ," बाई जवळजवळ उठूनच बसल्या. "अहो, नऊ!"

डॉक्टरबाईंनी हात मागे घेतला. त्यांनी त्या चेहऱ्याकडे नीट निरखून पाहिलं आणि मग विचारलं, की तुम्ही आहात तरी कोण? ती छोटी होती. ताई सकाळी आरशासमोरून उठल्या होत्या आणि म्हणाल्या होत्या, की कणभर फरक नाही, मी जाणार नाही. म्हणून छोटीने बहिणीचे बूट घातले, कोट घातला आणि ती आली. शाळेत दोघी एकमेकींची हजेरी द्यायच्या, तसंच.

डॉक्टरबाई खरंच रागावल्या. दुसऱ्याच्या कागदावर उपचार घेणं म्हणजे खेळ वाटला का, भाजलं असतं म्हणजे, असं बरंच बोलल्या. छोटीने सगळं मुकाट्याने ऐकून घेतलं.

"पण तुम्ही मला ताई समजलात ना?" ती शेवटी म्हणाली. "तेवढंच मला घरी जाऊन तिला सांगायचं होतं."

डॉक्टरबाईंचा राग तिथेच विरघळला. त्यांनी ताईंना फोन केला. अर्ध्या तासात ताई हजर, हातात बागकामाचे हातमोजे तसेच. छोटीने उत्साहाने सगळं सांगितलं, की डॉक्टरांनासुद्धा आपण ओळखू आलो नाही. ताईंचा चेहरा काही खुलला नाही. त्या हुशार होत्या. "म्हणजे त्यांना वाटलं, मी सुधारले," त्या म्हणाल्या. "तुला बघून."

छोटीचे डोळे भरून आले. तेव्हा ताईंनीच विषय बदलायला म्हणून विचारलं, "दुखलं का गं तुला?"

"केवढं! नऊ होतं ते. तू तीन कशी म्हणायचीस?"

ताईंनी माझ्याकडे पाहिलं, मग डॉक्टरबाईंकडे, आणि मान खाली घातली. "मलाही नऊच होतं," त्या म्हणाल्या.

डॉक्टरबाई स्टुलावर मटकन बसल्या. दोन्ही वेळेला? दोन्ही वेळेला. जितकं जास्त सोसू तितका जास्त गुण येईल, असं ताईंना वाटलं होतं. आधी छोटीला हसू फुटलं, मग ताईंना, आणि त्या दोघी हसायला लागल्या तेव्हा मला कोण कुठली ते खरंच कळेना. डॉक्टरबाईंनी जुना कागद फाडला आणि नवा घेतला. त्या दिवशी बेताची ऊब ठेवून त्यांनी तिसरी बैठक पुरी केली. छोटी हात धरून बसली होती. ताई पाच म्हणाल्या, आणि माझ्या टोकालाही ते पाचच वाटलं.

तीन महिन्यांनी दोघी तपासणीला आल्या, सारख्याच रुंद टोप्या घालून. दार उघडं होतं, त्यामुळे बाहेरचं मला दिसत होतं. बाकावर एक आजोबा बसले होते. त्यांनी टोप्यांखाली डोकावून पाहिलं आणि सरळ छोटीलाच धारेवर धरलं. तुमच्याकडून नेलेलं गुलाबाचं कलम महिन्याभरात वाळलं, असं कसं चालेल, वगैरे. छोटीला गुलाबातलं ओ की ठो कळत नाही. पण तिने चेहरा गंभीर केला, पाणी जास्त झालं असेल म्हणाली, माफी मागितली आणि नवं कलम द्यायचं कबूल केलं. शेजारी ताई मासिक तोंडासमोर धरून बसल्या होत्या. मासिक थरथरत होतं.

त्यात माझा वाटा किती आणि टोपीचा किती, मला माहीत नाही. डॉक्टरबाईंनी आत ताईंचे पहिल्या दिवसाचा आणि आताचा असे दोन्ही फोटो शेजारी मांडले होते. डोळ्यांखालच्या रेषा जराशा मऊ झाल्या होत्या, गालावरचे डाग होते तिथेच होते. त्यांनी आरसा पुढे केला. पण ताई बसल्याच नाहीत. "नंतर बघते हो," त्या म्हणाल्या. "हिने माझ्या नावावर एक कलम कबूल केलंय. ते आधी काढून ठेवायला हवं." आणि त्या गेल्याही. डॉक्टरबाई आरसा हातात घेऊन तशाच उभ्या राहिल्या, आणि त्यांचाच चेहरा त्यात हसताना मला दिसला.

मित्रांनो, माझं ऐकाल? माझ्यासारखं एखादं जुनं यंत्र घरी असेल तर त्याच्या तारा ओढून गुंडाळू नका, आणि ते शिटी वाजवायला लागलं तर त्याला म्हातारं म्हणण्याआधी एकदा थांबून बघा. उन्हात जाताना टोपी घाला, म्हणजे माझ्याकडे यायची वेळ उशिरा येईल. आणि कुणी मायेने विचारलं, कितपत दुखतंय, तर खरं असेल तेच सांगा. मला निदान गालावर टेकल्यावर कळतं. माणसांना सांगावं लागतं.