दम कोंडणारं घराणं

उन्हाळा तापला की लालबागच्या मिरची गल्लीत माणसं खोकत शिरतात आणि शिंकत बाहेर पडतात. हितेंद्र मात्र गल्लीच्या तोंडाशी छाती भरून घ्यायचा आणि पार पलीकडच्या टोकाला जाऊन सोडायचा. ना ठसका, ना डोळ्यांत टिपूस. “तुमची मुंबय अशी पार करूक व्हयी,” असं म्हणायचा, आणि अनुजा हसायची. या खेपेला तिला हसू येईना.

हितेंद्र तिचा मामेभाऊ, मालवणचा. त्याच्या वडलांनी, राजाराममामांनी, पोराला रांगायच्या वयातच पाणी दाखवलं. खडकाखालची कालवं काढायला बाप-लेक बुडी मारत. नळी नाही, टाकी नाही. छातीत मावेल तेवढी हवा आणि त्या हवेत होईल तेवढं काम. पुढे पर्यटकांच्या बोटी आल्या आणि हितेंद्र त्यांच्यावर टाक्या वाहू लागला. मुंबई-पुण्याची पोरं चार दिवसांचा कोर्स करून, खिशात कार्ड घालून यायची आणि त्याला सांगायची, अरे, ती टाकी इकडे आण. जो समुद्र त्याने उघड्या डोळ्यांनी पाहिला होता, त्याच समुद्रात तो हमाल झाला होता.

म्हणून तो या वर्षी आत्याकडे, चाळीतल्या दोन खोल्यांत येऊन राहिला. अंदमानातल्या एका बोटीला पाण्याखालचा वाटाड्या हवा होता. अट एकच, कार्ड पाहिजे. आणि कार्ड द्यायचं की नाही ते ठरवणार होती अनुजा. शिवाजी पार्काजवळच्या तरणतलावात नीलसरांचा डायव्हिंगचा क्लास चालायचा. तिथे ती शिकवायची.

तिचं सगळं शिक्षण असं निळ्या फरशीवरचं. पुस्तकं वाचली, परीक्षा दिल्या, दर वेळी पहिली आली. समुद्राशी मात्र तिची भेट पाहुण्यासारखी. गेल्या वर्षी मालवणला पाण्याखालच्या धारेने तिला ओढलं, तेव्हा धारेवरचा अख्खा धडा डोक्यातून पुसून गेला. हितेंद्रने पाण्याचा रंग बघून आधीच ओळखलं होतं. दंडाला धरून त्याने तिला खडकाच्या आडोशाला आणलं आणि वर आल्यावर त्याबद्दल चकार शब्द काढला नाही; आईला ते सांगितलं अनुजानेच.

अशा माणसाला पहिल्या दिवशी तिने पहिला नियम सांगितला, टाकी पाठीवर असताना श्वास कधीही कोंडायचा नाही. वरून नेलेली हवा वर येताना आपल्या मूळ मापावर येते, बाधत नाही. पण खाली टाकीतून घेतलेली हवा वर येताना फुगत जाते. तोंड मिटलेलं असलं तर तिला वाट राहत नाही, ती फुफ्फुस फाडते. त्याला फार खोल जावं लागत नाही, तलावसुद्धा पुरतो. हितेंद्रने मान डोलावली. त्याला सगळं समजलं होतं.

बाकी सारं तो बघता बघता शिकला. तरंगणं, हातांच्या खुणा, मुखवट्यातलं पाणी काढणं, सगळं असं की क्लासमधली कॉलेजची पोरं काठावर बसून बघत राहायची. पण तोंडातली नळी काढायला सांगितली की बुडबुडे थांबायचे. नियम असा की नळी नसतानाही ओठांतून बारीक बुडबुडे सुटत राहिले पाहिजेत. हितेंद्रचे ओठ शिंपल्यासारखे मिटायचे. अनुजा खांद्यावर टिचकी मारायची, तो ओशाळून हवा सोडायचा, आणि पुढच्या खेपेला परत तेच.

घरी तिची आई, रखमा, मिरच्यांची देठं काढत बसलेली असायची. अनुजाने अडचण सांगितली तर ती कौतुकानेच हसली. म्हणाली, राजाराम बुडी मारायचा तेव्हा मी किनाऱ्यावर बसून दम कोंडायचे, तो वर येईपर्यंत सोडायचे नाही. आणि हात न थांबवता तिने गळा लावला,

बंधु माझा गेला खोल, लाट मिटली वरती,
श्वास माझा काठावर, थांबला गं

ऐकता ऐकता अनुजाला सुचलं. दुसऱ्या दिवशी तिने हितेंद्रला सांगितलं, दादा, नळी निघाली की आईची ओवी गुणगुण. गुणगुणणाऱ्याला दम कोंडता येत नाही. त्याने गुणगुणलं, आणि बुडबुड्यांची माळ सरळ वर गेली. नीलसरांनी काठावरून अंगठा दाखवला. अनुजाला वाटलं, सुटलो.

शेवटचा पाठ उरला होता. शिकवणारा मागून हळूच टाकीची चावी बंद करतो. हवा संपत आली की शिकणाऱ्याने खूण करायची, सोबत्याची जादा नळी तोंडात घ्यायची आणि सावकाश, श्वास सोडत वर यायचं. असं कधीतरी होणार हे हितेंद्रला ठाऊक होतं. कधी, ते ठाऊक नव्हतं.

तलावाच्या खोल टोकाशी तिने चावी फिरवली. त्याने एक अर्धा घोट ओढला, छाती अडखळली. मग त्याने खूण केली नाही. तिच्या नळीकडे बघितलं नाही. ओठ मिटले आणि पायाच्या एका फटक्यात तो वर निघाला, लहानपणापासून निघत आला होता तसा.

अनुजाने त्याचा पट्टा पकडला. त्याने हिसडा दिला. तिने दोन्ही पायांनी त्याला वेढलं, खाली ओढलं आणि पोटावर मूठ दाबली. पुन्हा दाबली. तेव्हा कुठे त्याच्या तोंडातून बुडबुड्यांचा लोट फुटला. मग आपली जादा नळी तिने त्याच्या तोंडात कोंबली.

काठावर येताच त्याने मुखवटा ओढून काढला.

“माका धरून ठेवलंस कित्याक? मी वर येय होतंय मा?”

“तोंड मिटून येत होतास, दादा.”

“धारेत तुका कोणी धरल्यान होता? तुज्या पुस्तकान?”

तो बोलला त्यात काही खोटं नव्हतं.

नीलसर तिला बाजूला घेऊन समजावत राहिले. एवढा पाण्यातला माणूस, दोनदा समुद्रात गेला की सवय सुटेल, बोट कोणासाठी थांबत नाही, दे सही करून. अनुजा म्हणाली, समुद्रात मी त्याच्या पाठीशी नसेन. आणि त्याच्या मागून जे येतील, ते तो करेल तसं करतील. तिने सही केली नाही.

घरी हितेंद्र आधी पोचला होता. ती दारात आली तेव्हा तो आत्याला सांगत होता, ता काम माकाच आवडला नाय, लांब पडता, मीच नको म्हटलंय. अनुजा उंबऱ्यातच थांबली. रखमा म्हणाली, “जाऊंदे रे. अनू कार्ड देतली, मगे दुसरी बोट बघ.”

गप्प राहिलं असतं तर सगळं निभावलं असतं. पण उद्या आई त्याच्यासाठी मागायला लागली, की नाही म्हणायची ताकद आपल्यात उरणार नाही, हे अनुजाला ठाऊक होतं.

“आई, मी नापास केलंय त्याला.”

रखमाच्या बोटांत देठ तसंच राहिलं. “माज्या भावाच्या झिलाक? त्याने तुका पाण्यातसून काढल्यान, आणि तू...”

“आते,” हितेंद्र मध्येच म्हणाला, “आज तिना माका धरल्यान.”

“कशापासून रे?”

त्याने खुंटीवरची पिशवी काढली, आत्याच्या पाया पडला. संध्याकाळची गाडी होती. रखमाने मुलीकडे पाहिलं नाही. पुन्हा देठं काढू लागली, बियांसकट तोडू लागली.

अनुजा त्याला सोडायला निघाली. चाळीच्या जिन्यात मधल्या वळणावर तो थांबला.

“रागान नाय सांगणंय, अनू. तू चावी बंद केलंस, ता माका कळला. वर जावचा, ताय कळला. पण दम कोंडलंय, ता माका कळलाच नाय गो.” त्याने कठडा धरला. “ओवी नाय आठवली, काय नाय. आता घरच्या पाण्यात उतरताना माका ह्याच आठवतला.”

तिने सांगितलं, हळूहळू जाईल, शंभरदा करून जाईल. खरं तर ते कुठल्याच पुस्तकात लिहिलेलं नव्हतं. एवढी वर्षं पाण्यात काढलेला माणूस तिने कधी शिकवला नव्हता.

“आणि आता?” त्याने विचारलं. “आता बोललंय, मगे गप ऱ्हवलंय. आता कोंडलंय काय मी?”

वर्गात शिकणाऱ्याचा श्वास चालू आहे ना हे बघायला ठेवते, तसा अनुजाने तळवा त्याच्या पाठीवर ठेवला. पाठ हलत नव्हती.

“सोड, दादा,” ती म्हणाली.