मुळे रेफ्रींच्या पोटातला ठोसा

राधाकृष्ण मुळे आठवडाभर नगरच्या पोस्टात खिडकीवर बसायचे आणि रविवारी फुटबॉलच्या मॅचला रेफ्री असायचे. वजन फार तर पन्नास किलो, पण शिट्टी तोंडात घेतली की ते कुणाच्या बापाला भीत नसत. मी त्यांचा लाइन्समन. त्यामुळे १९७१च्या जानेवारीत जे घडलं, ते मी पंधरा पावलांवरून पाहिलं.

सेमीफायनल हिंद क्लब आणि यंग स्टारची होती. हिंदचा बॅक गहिनीनाथ हा काष्टीचा गडी, नगरला अडतीवर पोती उचलायचा. अनवाणी खेळायचा, आणि तो धावत आला की समोरचे बूटवाले आपोआप बाजूला व्हायचे. निम्मे लोक त्यालाच बघायला यायचे.

शेवटची पाच मिनिटं राहिली होती, शून्य-शून्य. यंग स्टारच्या एकाच्या हाताला बॉल लागला. "हँड! हँड!" ओरडत गहिनीनाथ रेफ्रीकडे धावला. पण बॉल उडून हिंदच्याच कप्तानाकडे, शमशेरकडे गेला होता आणि समोर गोल मोकळा होता. म्हणून मुळ्यांनी खेळ चालू ठेवला. यात हिंदचाच फायदा होता. गहिनीनाथाला एवढं थांबून बघायला सवड कुठली? त्यानं मुळ्यांच्या पोटात ठोसा हाणला.

शिट्टी मुळ्यांच्या दातांत होती. पोटातली होती नव्हती ती हवा तिच्यातून बाहेर पडली आणि उभ्या जन्मात वाजली नसेल इतक्या जोरात ती वाजली. पुढच्याच क्षणी शमशेरनं बॉल जाळीत मारला.

मुळे गुडघ्यांवर बसले होते. कसाबसा श्वास घेऊन म्हणाले, "गोल नाही. शिट्टी आधी झाली."

"अहो, पण ती तुम्ही कुठं वाजवली?" शमशेर रडकुंडीला आला. "ती तर ह्यानं वाजवली!"

"कुणीही वाजवो, माझ्या तोंडात होती. आणि गहिनीनाथ, तुम्ही बाहेर."

गहिनीनाथ हलेना. शेवटी शमशेर आणि बाकीच्या नऊ जणांनीच त्याला उचलून रेषेपलीकडे नेऊन टाकलं.

मॅच बरोबरीत सुटली, पुढच्या रविवारी परत खेळायची ठरली. मुळ्यांनी त्याच संध्याकाळी रिपोर्ट लिहिला: एक वर्ष बंदी.

कमिटीचे अध्यक्ष खाजाभाई. त्यांची सही झाली की बंदी लागू. त्यांचं सायकलचं दुकान होतं. त्यांनी आम्हाला दुकानात बोलावून चहा पाजला.

"मुळेसाहेब, गरम रक्त आहे, चालायचंच. मिटवून टाका. तो नसला तर मैदानावर काळं कुत्रं फिरकणार नाही."

"ठोसा तुम्हाला बसला असता तर?"

"मी हसून सोडून दिला असता."

"मग रविवारी आम्ही रेफ्री लोक येत नाही," मुळे म्हणाले.

"नका येऊ. मी वाजवतो शिट्टी. त्यात काय अवघड आहे?"

रविवारी आम्ही मांडवात बसून मॅच बघितली. खाजाभाई इस्त्रीची पांढरी पँट घालून आले होते. आठव्या मिनिटाला बॉल रेषेबाहेर गेला. खाजाभाईंनी एक हात इकडे केला, एक तिकडे. तेव्हा पलीकडून गहिनीनाथ थेट त्यांच्याच दिशेनं निघाला. खाजाभाई एक पाऊल मागं सरले, मग दोन. मग वळले आणि पळत सुटले ते मांडवात, माझ्या खुर्चीमागं.

"मुळेसाहेब, रिपोर्टात किती लिहिलंय?"

"एक वर्ष."

"दोन करा! आत्ताच्या आत्ता करा!"

तेवढ्यात गहिनीनाथ धापा टाकत मांडवाशी पोचला. "आवं, मी नुसतं इचारायला आल्तो. थ्रो कुनाचा हाय?"

सगळं मैदान हसलं. मुळे हसले नाहीत. ते उठून उभे राहिले.

"खाजाभाई, विचारण्याला शिक्षा नसते. दुसरं वर्ष मी लिहिणार नाही." मग ते गहिनीनाथाकडे वळले. "मारण्याला असते. पहिलं वर्ष मी खोडणार नाही."

गहिनीनाथानं विचारलं, "लई लागलं हुतं का?"

"तीन दिवस घास गिळवत नव्हता."

"मंग बराबर हाय," तो म्हणाला आणि जाऊन लोकांत बसला. खाजाभाईंनी मुकाट्यानं रिपोर्टावर सही केली आणि शिट्टी मुळ्यांच्या हातात दिली. गहिनीनाथावाचून हिंद तीन गोलांनी हरला. उठून मात्र कुणी गेलं नाही.

त्या वर्षी दर महिन्याला गहिनीनाथ पोस्टात यायचा, एक कार्ड घ्यायचा आणि विचारायचा, "सायेब, किती ऱ्हायलं?" मुळे सांगायचे, नऊ महिने. सात. चार. घरी धाडायचा मजकूरही तो मुळ्यांकडूनच लिहून घ्यायला लागला.

पुढच्या जानेवारीत तो आला तेव्हा गळ्यात नवे कोरे बूट लटकवलेले होते. मुळ्यांनी भिंतीवरचं कॅलेंडर पाहिलं.

"उद्या."

"आवं, एका दिसानं काय हुतंय?"

"उद्या."

गहिनीनाथानं हात वर उचलला. रांगेतली माणसं मागं सरकली. त्यानं त्या हातानं आपलं डोकं खाजवलं.

"बरं," तो म्हणाला. "मंग एक कार्ड द्या."