अर्धवट पॅकेटांचा बंदोबस्त

जगाची सुरक्षितता मूठभर जागरूक माणसांच्या हाती असते. त्यांतला एक अकरा दिवस दाढी न करता खुर्चीत बसून होता. संध्याकाळी संगणकप्रणालीची नवी आवृत्ती निघणार होती आणि तिच्या गाभ्यातलं, म्हणजे कर्नलमधलं, भोक उघडंच होतं. कुणीही नेटवर्कवरून माहितीची अर्धवट पॅकेटं पाठवत राहावं, उरलेला भाग येईल म्हणून कर्नलनं ती सांभाळावीत आणि मेमरी भरली की मशीननं मान टाकावी.

“किती वेळ वाट बघतं ते?” सगळं ऐकून बायकोनं विचारलं.

“कायमची.”

“अगदी तुझ्यावर गेलंय. तीस सेकंद थांबायचं, नाही आलं तर फेकून द्यायचं.”

त्यानं तसं लिहून तपासनिसांकडे पाठवलं. लगेच उत्तर आलं, “मंजूर. अक्कल तुमची वाटत नाही. सुचवणाऱ्याचं नाव घालायची पद्धत आहे.”

त्यानं बायकोचं नाव घातलं. बदल दोन ओळींचा होता, त्यातली एक रिकामी.