नजर कोणाची उतरवायची?

रायपुरातल्या भनपुरीच्या त्या कॉलनीत मिरच्या जळल्याचा वास आला की बाया खिडक्या लावून घेत. ठसक्यामुळे नाही. यशवंतरावांच्या घरी सुनेला पुन्हा मार पडला, हे त्या वासाने कळे, आणि कळलेलं कोणालाच नको असे.

त्या घरची रीतच तशी. यशवंतरावांच्या मुलाने, प्रतापने, बायकोवर हात उचलला की त्याची आई, सुशीलाबाई, त्यालाच पाटावर बसवून मीठ-मिरच्या ओवाळत. "माह्या पोराले कोणाची तरी नजर लागली. नाहीतर तो असा नाही." निखारे आणायचे मात्र त्या बायकोनेच, चित्राने, सुजल्या ओठाने. ठसका उठला तर नजर जळली. नाही उठला तर नजर फारच मोठी. हात कोणाचा, हे कोणी विचारायचं नाही.

रायपूर राजधानी झालं, रस्ते रुंदावले, सिलतऱ्याच्या कारखान्यात प्रताप मॅनेजर झाला. रीत जागची हलली नाही.

भजनमंडळाच्या वनमालाकाकू म्हणाल्या, "सोसशील तर घर टिकन, बाई. नामात राह्य." चित्रा नामात राहिली. पण दारात चप्पल वाजली की हातातली माळ गळून पडे.

एकदा ब्लाऊजपीस आणते सांगून ती पंडरीच्या कापडबाजारात गेली आणि तिथल्या महिला समुपदेशन केंद्राचा जिना चढली.

"दीदी, मले लय राग येऊन राहिला. हा आजार आहे का?"

"नाही," तिथल्या समुपदेशक राधिकादीदी म्हणाल्या. "जिथे यायला पाहिजे तिथेच येतोय."

"मग जप सोडू?"

"काहून? करा न. फक्त देवाला सांगता ते मलाही सांगत जा."

चित्रा ढसाढसा रडली. मग जातच राहिली. कपाटात न शिवलेल्या ब्लाऊजपिसांची चळत वाढली. एके दिवशी दीदी म्हणाल्या, "मलम लावायचं अन् तिथेच रोज मार खायचा, तर जखम भरन कशी? तुम्ही ठरवा. फोन करा, मी निघते."

चित्राचं ठरत नव्हतं.

रविवारी दुपारी ओसरीवर तिची पोट्टी यामिनी बाहुला-बाहुली खेळत होती. तिने बाहुलीला लाटण्याने बडवलं. मग बाहुल्याला पाटावर बसवून त्याच्यावरून मूठ फिरवली. "माह्या पोराले नजर लागली." आणि बाहुलीवर खेकसली, "रडते काहून? जाय, निखारे आण!"

चित्राने पोरीच्या हातातलं लाटणं काढून घेतलं. तेवढ्यात आतून प्रताप ओरडला. भाजी अळणी होती. थप्पड बसली, आणि सुशीलाबाईंनी मिरच्यांचा डबा काढला.

चित्राने निखारे आणले. सासूच्या हातातली मीठ-मिरच्यांची मूठ काढून घेतली आणि यामिनीला समोर बसवून तिच्यावरून उतरवली.

"हे काय करून राहिली?"

"ज्याले लागलं त्याची काढतात, आई."

"सूनबाई, लोक ऐकून राहिले," यशवंतराव पेपरामागून म्हणाले.

"आयकू द्या, मामाजी."

मिरच्या निखाऱ्यांवर पडल्या. ठसक्याने सगळे खोकू लागले. चित्राने तशातच फोन लावला. "दीदी, या." आणि पोरीला घेऊन ती फाटकाबाहेर रस्त्यावर उभी राहिली. पोरीच्या हातात बाहुली होती. बाहुला तिने आतच टाकला होता.

पंडरीहून भनपुरीला यायला वेळ लागतो. मागे प्रताप पाटावरून उठला होता. समोर खिडक्या एकेक करून लागत होत्या.

हा वास तुमच्याही गल्लीत येतो. आत्ता तुमचा हात खिडकीच्या कडीवर आहे. तो काढा, चपला घाला, आणि त्या फाटकापाशी जाऊन उभे राहा. प्रताप पायऱ्या उतरतो आहे.