नाश्त्याला शिजलेला ठराव

फाटकाजवळच्या गाळ्यात सकाळी असं ऊन येतं, की चष्म्याविना सुईत दोरा ओवता येतो.

दादांच्या घरी सभेच्या दिवशी नाश्त्याला पाच बश्या लागतात.

सभागृहातला माईक अध्यक्षांच्या तोंडाशी गेला की खरखरायचा थांबतो.

आणि ठराव नेहमी बिनविरोध.

या बाजारातल्या गाळेधारकांच्या संस्थेत निवडणुका वेळेवर व्हायच्या आणि निवडून तेच पाच जण यायचे. दादा अध्यक्ष. ठराव त्यांच्या घरी नाश्त्याला शिजायचे, सभेत नुसते वाढले जायचे. या वेळी शिजलं ते असं: कपडे शिवणाऱ्या शिवणताईने फाटकाजवळचा आपला गाळा सोडून गोदामामागे जावं, पुढची जागा दादांच्या भाच्याला. गोदामामागे दिवसाही दिवा लावावा लागे, आणि गिऱ्हाईक वाट चुकलं तरच तिकडे फिरकणार.

हरकत घ्यायची तर आणखी एका सभासदाचं अनुमोदन हवं. शिवणताई गाळोगाळी फिरली. सगळ्यांनी तिला बसायला स्टूल दिलं, तुमचंच खरं म्हटलं, आणि पाण्यात राहून माशाशी वैर कसं करायचं, असं तिलाच विचारलं. कुलूपवाला म्हणाला, ताई, मनातून माझा हात वरच आहे समजा.

सभेत तिने हरकत वाचली.

"अनुमोदन आहे का कुणाचं?" दादांनी कागद आवरत विचारलं.

मागच्या रांगेत एक हात वर झाला. दादांच्या बायकोचा. सगळा बाजार त्यांना वहिनी म्हणायचा. त्यांच्याही नावावर एक गाळा होता, पण सभेत त्यांनी कधी तोंड उघडलं नव्हतं.

"माझं आहे."

"अगं, तू काय करतेस?" माईक चालू आहे, हे दादा विसरले.

"नाश्ता मीच वाढते. काय ठरतं ते मला आधीच कळतं. आज म्हटलं, सभेत ठरू दे."

कुणीतरी खुदकन हसलं. हरकतीवर मतदान घेणं भाग पडलं. कुलूपवाल्याचा हात मनातून बाहेर आला, मग एकेक करत बाकीचे. ठराव पडला.

दुसऱ्या दिवशी शिवणताई वहिनींकडे गेली. दारातच तिने त्यांचे हात धरले.

"अगं, ओले आहेत," वहिनी म्हणाल्या. पण सोडवून घेतले नाहीत.

पुढच्या निवडणुकीत तेच पाच जण आले. शिवणताई अजूनही उशिरा वर झालेल्या हातांचेसुद्धा उपकार मानते. कुलूपवाल्याच्या सदऱ्याची बाही तिने आपणहून सांधून दिली.

वहिनींच्या नावावर गाळा दादांनीच केला होता, आपलं एक मत वाढावं म्हणून.