पांढऱ्या गाडीतली पक्कड

मित्रांनो, गाडीचे आयुष्य किती मैल पळाली यावर मोजतात. माझे मात्र एका खणावर मोजावे लागेल.

मी एक जुनी पिकअप आहे. पुढे तिघांना दाटीवाटीने बसता येईल अशी बैठक, मागे उघडा हौदा, आणि रंग पांढरा. मोंटानातल्या आमच्या भागात गाड्या बहुधा पांढऱ्याच घेतात, कारण कच्च्या रस्त्याची धूळ पांढऱ्यावर कमी दिसते असा इथे सगळ्यांचा समज आहे. तो खरा नाही, हे माझ्याकडे पाहून कोणीही सांगेल. पण समज बदलायला आमची माणसे घाई करत नाहीत.

कारखान्यातले दिवस मला फारसे आठवत नाहीत. लख्ख दिवे, गरम रंगाचा वास आणि कुणीतरी माझे दार चारदा उघडून चारदा आपटून बघितले, एवढेच. खरा जन्म झाला तो आयवर टॉर्गर्सन मला घरी घेऊन आले त्या दिवशी. आयवर गुरे पाळणारे, बोलायला कमी आणि ऐकायला त्याहून कमी. त्यांनी माझ्या हौद्यातून गवताचे भारे नेले, आजारी वासरे नेली, कुंपणाचे खांब नेले. बर्फात रुतलेल्या दुसऱ्यांच्या गाड्या मी ओढून काढल्या. तेव्हा लोक माझ्या बोनेटवर थाप मारून म्हणत, ‘गाडी असावी तर अशी.’ खोटे कशाला बोलू, मला ते आवडायचे.

माझ्यात एक खोड होती. पुढच्या बैठकीसमोरचा माझा खण अडकायचा. खालून मुठीने ठोसा द्यायचा, मग डाव्या कोपऱ्याला ओढायचे, तेव्हा कुठे झाकण उघडे. आयवर रोज त्या खणाला शिव्या घालत आणि रोज ‘उद्या दुरुस्त करतो’ म्हणत. तो उद्या काही आला नाही.

आयवरांची नात ब्रिन त्यांच्याकडेच वाढली. माझ्या हौद्यात ती रांगली आणि माझ्याच स्टिअरिंगवर गाडी शिकली. गाडी चालवण्याआधी ती शिकली ते बोट उचलायला. आमच्याकडे समोरून गाडी आली की स्टिअरिंगवरून एक बोट उचलायचे. ओळख असो वा नसो. ‘मी पाहिले तुम्हाला, तुम्ही एकटे नाही,’ एवढाच त्याचा अर्थ. ज्याचे बोट उचलत नाही त्याच्याबद्दल संध्याकाळपर्यंत सगळ्या खोऱ्यात चर्चा होते.

शाळा संपली आणि ब्रिनला गावातल्या वृद्धाश्रमात नोकरी लागली. आयवरांनी मला तिच्या स्वाधीन केले. गाव लांब होते, आणि वाटेत बराच पट्टा असा की तिथे फोन लागत नाही. त्याच पट्ट्यात एकदा एका अनोळखी माणसाने आपली गाडी रस्त्यात आडवी घातली आणि तो उतरून माझ्याकडे चालत आला. ब्रिनने मला गवतातून, दगडांवरून, कसाबसा वळसा घालून पळवले. झाले काहीच नाही. पण घरी पोचल्यावरही आयवर बाहेर येईपर्यंत ती माझी दारे आतून लावून बसून राहिली.

एकोणिसाव्या वाढदिवसाला आयवरांनी आपले पिस्तूल तिच्या हातात ठेवले. आमच्या राज्यात अठरा पुरी झालेल्या माणसाने ते गाडीत बाळगायला कायद्याची हरकत नाही. ब्रिनला नेम धरता येत होता, ते सुटे करून साफ करता येत होते. तिला शिकवायचे एकच उरले होते, ते आयवरांनी माझ्या दाराशी उभे राहून सांगितले.

“हे बघ पोरी, तू गाडीतून उतरलीस की हेसुद्धा उतरलं पाहिजे. गाडी म्हणजे घर नव्हे.”

ब्रिनने मान डोलावली. आणि पुढच्याच रविवारी तिने माझा खण दुरुस्त केला. जुनी स्प्रिंग काढली, नवी बसवली, तेल घातले. वेळ आली तर ठोसे मारत कोण बसणार, असे ती पुटपुटली. झाकण आता नुसत्या बोटाने उघडू लागले. इतक्या वर्षांची खोड गेली, मी मनातून सुखावले. तेव्हा मला कळले नाही, मित्रांनो, की त्या खोडीचाही काही उपयोग होता.

एकदा मागचा दिवा गेला म्हणून पोलिसाने आम्हाला थांबवले. ब्रिनने दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले आणि आधी सांगून टाकले की खणात पिस्तूल आहे. त्याने तिचा गाडी चालवण्याचा परवाना पाहिला, त्यावरचे वय पाहिले, शहाणी पोर आहेस म्हणाला आणि दिवा बदलायला सांगून सोडून दिले. त्या दिवशी ब्रिन घरापर्यंत गाणे गुणगुणत आली. कायद्याने तिला शाबासकी दिली होती. आणि ते पिस्तूल! कानामागून आले आणि तिखट झाले. वर्षानुवर्षे माझ्या खणात पाना, हातमोजे आणि आयवरांच्या पेपरमिंटच्या गोळ्या असायच्या. आता त्यांची रवानगी बैठकीखाली झाली.

त्या गोळ्यांची खरी मालकीण होती हॅटी. शेजारच्या ड्वाइट आणि कोरीन या जोडप्याची सहा वर्षांची मुलगी. शाळेची बस तिला मोठ्या रस्त्याच्या फाट्यावर सोडायची आणि कामावरून परतताना ब्रिन तिला माझ्यात बसवून घरी पोचवायची. हॅटी रोज त्या खणाला ठोसे मारायची आणि रोज हरायची. झाकण दुरुस्त झाल्यापासून मात्र ब्रिन तिला त्याला हात लावू देत नसे. “तो मोठ्यांचा खण आहे,” एवढेच सांगे. हॅटीला तो अन्याय वाटे, कारण गोळ्या तिच्या होत्या.

वसंतात आमच्याकडे वासरांना मालकाच्या खुणेचा डाग देण्याचा दिवस असतो. ज्याच्या गुरांचा दिवस, त्याच्या रानात सगळे शेजारी मदतीला जमतात. कोणी दोर टाकतो, कोणी वासरू दाबून धरतो, कोणी तापलेली सळई आणतो. गाड्या कुंपणाशी ओळीने लावायच्या आणि किल्ल्या आतच ठेवायच्या, म्हणजे ज्याला जी लागेल ती त्याने न्यावी. त्या दिवशी कोणाची गाडी कोणती हे विचारणे म्हणजे अपमानच. शेजारधर्माची ही आमची रीत आहे आणि मला तिचा अभिमान आहे.

त्या वर्षी टॉर्गर्सनांच्या दिवशी ब्रिनची सकाळची पाळी होती. ती कामावरून घरी न जाता सरळ रानात आली. वासरे हंबरत होती, धूर उठला होता, आयवर गुडघ्यांवर बसून एका दांडग्या वासराशी झुंजत होते. ब्रिनने मला ओळीत उभे केले, किल्ली तशीच ठेवली आणि धावत सुटली. घरी उतरली असती तर तिला आठवले असते. रोज आठवायचे. पण हे रान होते, घर नव्हते, आणि हात घाईत होते.

थोड्या वेळाने एका गाईने कुंपणाला धडक देऊन तार तोडली. ड्वाइटचे दोन्ही हात गुंतलेले. त्याने हॅटीला हाक मारून सांगितले, पांढऱ्या गाडीच्या खणातून पक्कड घेऊन ये.

ओळीत पाच गाड्या होत्या. त्यातल्या चार पांढऱ्या, ड्वाइटचीही. पण हॅटीच्या लेखी पांढरी गाडी म्हणजे मीच.

ती चढली. तिने सवयीने मूठ वळली, मग तिला आठवले आणि तिने एका बोटाने झाकण उघडले. मित्रांनो, त्या क्षणी मला तोंड असते तर मी सारे रान उठवले असते. माझ्याकडे भोंगा होता, पण तो वाजवायलाही माणसाचाच हात लागतो. तिने आत पाहिले. पक्कड नव्हती. मग जे होते ते तिने दोन्ही हातांनी उचलले आणि शहाण्यासारखे झाकण लावून ती उतरली.

हॅटी माणसांच्या मधून चालत गेली. नळी पुढे, जीभ दातांत धरलेली, वजन सांभाळत. पहिल्याने पाहिले आणि तो दोर सोडून थिजला. मग दुसऱ्याने. वासरे तेवढी ओरडत राहिली.

“बाबा, पक्कड नाहीये,” हॅटी म्हणाली. “हेच आहे.”

ब्रिन जागच्या जागी पांढरीफटक पडली. बोलले ते आयवर, वासरू तसेच दाबून धरत, रोजच्या आवाजात.

“हॅटी, तिथंच उभी राहा बाळ. जड आहे ना ते? मांजरीच्या झोपलेल्या पिल्लाला ठेवतो ना आपण, तसं गवतात ठेव बघू. हळू. हं. आता इकडे ये, या वासराची शेपटी धर. मला म्हाताऱ्याला जमत नाहीये.”

हॅटीने ठेवले. हळू, अगदी पिल्लासारखे. मग ती धावत जाऊन शेपटीला लोंबकळली. तेव्हा कुठे लोकांचे श्वास सुटले. आयवर उठले, गवतातून पिस्तूल उचलले आणि ते रिकामे केले. नळीतून गोळी निघाली. आयवरांनी ती खिशात टाकली.

कोरीन जेवणाच्या टेबलापाशी होती. ती आली आणि तिने मुलीला इतके घट्ट उचलले की पोर कुरकुरली. ब्रिन पुढे झाली. ड्वाइटने सावरून घ्यायचा प्रयत्न केला. “कोरीन, तिनं कायदा मोडलेला नाही. अठरा पुरी झालीत तिला.”

“ठाऊक आहे मला, कायद्यात बसतं ते,” कोरीन म्हणाली. “पण माझी पोरगी कायद्याला भेटायला नव्हती गेली. पक्कड आणायला गेली होती.”

कोरीन हॅटीला घेऊन निघून गेली. मग एकेक जण आपापल्या गाडीकडे गेला. कोणी बैठकीखाली हात घातला, कोणी दाराच्या कप्प्यात, आणि जे हाती आले ते घेऊन आयवरांच्या घराकडे चालू लागला. ड्वाइटही गेला. त्याच्या गाडीत पक्कड होतीच, पण तिच्या शेजारी आणखीही काही होते. त्याने मान वर केली नाही.

त्यानंतर हॅटीची जागा रिकामी पडली. फाट्यावर बस थांबायची, पण तिला न्यायला कोरीन स्वतः यायची. रस्त्यात तिची गाडी समोरून आली की ब्रिन बोट उचलायची. कोरीन सरळ समोर बघत निघून जायची. पहिल्यांदा असे झाले तेव्हा ब्रिनने मला कडेला उभे केले आणि ती स्टिअरिंगवर डोके टेकून रडली. मलाही वाईट वाटले, फार वाटले. हॅटीच्या चिखलाच्या बुटांचे डाग अजून माझ्या पायाखालच्या रबरी चटईवर होते आणि ब्रिन ते पुसत नव्हती.

एके दिवशी तिने पिस्तूल आयवरांसमोर ठेवले आणि परत घ्या म्हणाली.

“घेतो,” आयवर म्हणाले. “पण रस्ता तोच राहील आणि तुझी भीतीही तीच. ठेवायचं की नाही ते तू ठरव. ठेवायचं तर पुरतं सांभाळ. अर्धवट सांभाळायचं असेल तर आत्ताच इथं ठेवून जा.”

ब्रिनने दोन दिवस विचार केला. मग एक लोखंडी पेटी आणून तिने माझ्या बैठकीमागे बोल्टने आवळली. कुलपाची किल्ली तिने गळ्यात घातली. वाटेत पिस्तूल त्या पेटीत, आणि गाडीतून उतरताना तिच्याबरोबर खाली, घर असो, रान असो. अचानक वेळ आली तर पेटी उघडायला उशीर होईल हे तिला कळत होते. तो उशीर तिने पत्करला. मग तिने माझा खण स्वच्छ पुसला आणि आत एक नवी कोरी पक्कड ठेवली, शेजारी पेपरमिंटच्या गोळ्या.

ती फाट्यावर कोरीनला भेटली. माफी मागून झाली. मग तिने पेटी दाखवली, गळ्यातली किल्ली दाखवली, खण उघडून दाखवला. कोरीनने सगळे पाहिले आणि ती हॅटीला घेऊन निघून गेली. पानगळ आली, बर्फ आला. जेव्हा बर्फ वितळू लागला, तेव्हा एका सकाळी समोरून कोरीनची गाडी आली आणि तिच्या स्टिअरिंगवरून एक बोट उठले. जेमतेम उठले. ब्रिनने बाकीचा रस्ता हळूहळू कापला, जणू माझ्यात काचेचे सामान होते.

पुन्हा वासरांचा दिवस आला. आता आमच्या रानाच्या फाटकाशी आयवर उभे असतात. येणारा प्रत्येक जण आपले हत्यार आधी त्यांच्या खोगिरांच्या खोलीतल्या लोखंडी कपाटात ठेवतो, मगच गाडी ओळीत लावतो. किल्ल्या मात्र अजूनही गाडीतच असतात. ती रीत आम्ही मोडली नाही.

कोरीन आली होती, हॅटीही. दुपारी कुंपणाशी काहीतरी अडले आणि ड्वाइट आपल्या गाडीकडे निघाला. कोरीनने त्याला हाताने थांबवले.

“हॅटी,” ती म्हणाली, “जा, पांढऱ्या गाडीतून पक्कड आण.”

सगळ्यांचे हात थांबले. ब्रिनने गळ्यातली किल्ली मुठीत धरली.

“कुठल्या पांढऱ्या?” हॅटीने विचारले. ती वर्षभराने शहाणी झाली होती.

“आपल्या नेहमीच्या.”

हॅटी चढली. तिने एका बोटाने झाकण उघडले. पक्कड घेतली, एक गोळी गालात टाकली, आणि झाकण नीट लावून ती उतरली.

मित्रांनो, माझी आता फार वर्षे उरलेली नाहीत. तुम्हाला माझे एवढेच सांगणे आहे. कायदा तुमच्या हातात पुष्कळ काही देईल आणि ते तुम्ही घ्यालही. पण लहान मूल तुमच्या भरवशावर खण उघडते, तेव्हा त्याच्या बोटाच्या आधी तुमचा विचार तिथे पोचलेला असू द्या. पक्कड आणायला गेलेल्या मुलाला पक्कडच सापडली पाहिजे.