दुष्काळातलं दुभतं

मनकर्णाला एसी-फ्रिज दुरुस्तीच्या कोर्ससाठी कर्ज हवं होतं. तिची आई ताराबाई मात्र हटून बसली होती, "कर्ज काढलं तर म्हशीसाठीच!"

म्हशीच्या कर्जाच्या अर्जावर सही करायला ताराबाई गावच्या दूध सोसायटीत आली, तर दूध गार करायचं यंत्र बंद पडलेलं. नेकनूरहून मेकॅनिक आला आणि तासाभरात तीन हजार घेऊन गेला. ताराबाई बघतच राहिली. मग तिच्या अंगात वारंच शिरलं. तिनं म्हशीचा अर्ज टराटरा फाडला.

"चेअरमनसाहेब, पोरीच्या कोर्सचं कर्ज लिवा!"

"अन् फिटायचं कसं?" चेअरमन विठ्ठलरावांनी विचारलं.

"लई सोपं हाय. दुष्काळात म्हैस आटती, पर ऊन वाढलं की ही यंत्रं जास्तच बंद पडत्यात. माझी पोर ऐन दुष्काळात दूध देती का न्हाई, बघाच!"